झोर्कीवरची ज्युपिटर लायका एमवर लावताना: एक मिलिमीटरची चकती आणि बाकीची भानगड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की काकांच्या झोर्की ४ (जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा) वरची ज्युपिटर ८ ही ५० मिमी एफ २ लेन्स तुम्ही सेकंडहँड डिजिटल लायका एम २४० वर स्वस्तातला अडॅप्टर घेऊन लावली, लांबचे फोटो झकास येतात पण एक मीटरवरचे पोर्ट्रेट दरवेळी मऊ येतात, तर दोष अडॅप्टरचा, लेन्सचा की तुमच्या नजरेचा. आणि पुढे ३५ ची ज्युपिटर १२ आणि एखादी जुनी ८५ किंवा ९० घ्यायचा विचार आहे, त्यात धोका काय.

आधी उत्तर सांगतो आणि मग कारण. तुमची नजर ठीक आहे, अडॅप्टर बहुधा ठीक आहे (पण तो तपासायला लागणारच, ते पुढे सांगतो), आणि लेन्ससुद्धा बिघडलेली नाही. ती लेन्स वेगळ्या मापाला धरून बनलेली आहे. हे नीट समजलं की पुढची खरेदी पण नीट होईल म्हणून जरा लांबण लावतो. मी बावीसेक वर्षं हेच करत आलोय, फिल्मवाला लायका एम २ आणि एक डिजिटल एम, आणि त्यावर बहुतेक सगळ्या जुन्या आट्यांच्या लेन्स.

हे अडॅप्टर म्हणजे नक्की काय ते बघा. लायकाचा जुना स्क्रू माउंट म्हणजे ३९ मिमी व्यास आणि इंचाला २६ आटे. मिलिमीटर आणि इंच अशी खिचडी का तर लायका बनवणारी लाइट्झ ही मुळात मायक्रोस्कोपवाली कंपनी आणि तिथे इंग्लिश व्हिटवर्थ आट्यांची सवय. १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा लायका आला, १९३१ मध्ये माउंटचं माप प्रमाणित झालं, १९३२ च्या लायका २ मध्ये रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची यंत्रणा) लेन्सला जोडला गेला. या माउंटमध्ये लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी. मग १९५४ मध्ये एम ३ आला, आटे जाऊन फिरवून अडकवायचं बायोनेट आलं आणि अंतर झालं २७.८ मिमी. बरोब्बर एक मिलिमीटर कमी, आणि ते मुद्दाम ठेवलेलं होतं, की जुन्या गिऱ्हाइकाने एक मिमी जाडीची चकती लावली की त्याच्या सगळ्या जुन्या लेन्स नव्या बॉडीवर चालाव्यात, रेंजफाइंडरसकट. त्यामुळे या अडॅप्टरमध्ये काच नाही, स्प्रिंग नाही, काही हलत नाही. बाहेरून बायोनेटचे कान, आतून आटे, आणि मधे एक मिलिमीटर. पण तो एक मिलिमीटर म्हणजे एकच मिलिमीटर हवा, ०.९५ नको आणि १.०५ पण नको.

आता रेंजफाइंडर कसा चालतो ते सांगतो, कारण सगळी गोम इथे आहे. कॅमेऱ्याच्या तोंडात वरच्या बाजूला एक छोटी चाकी दिसेल, ती लेन्सच्या मागच्या कडीला टेकते. तुम्ही फोकस फिरवला की कडी पुढेमागे सरकते, चाकी तिच्याबरोबर जाते आणि व्ह्यूफाइंडरमधली दुहेरी प्रतिमा जुळते. कॅमेऱ्याला लेन्स ५० ची आहे का ९० ची हे कळत नाही, त्याला फक्त कडी किती सरकली तेवढंच कळतं, आणि तो हिशोब करतो तो ५१.६ मिमीच्या लेन्सचा. हो, ५१.६, लायकाच्या "पन्नास" ची खरी फोकल लेंथ तेवढी धरलेली आहे. म्हणून पन्नासच्या लेन्समध्ये कडी आणि काचा एकासएक सरकतात, साधी सपाट कडी. ३५ किंवा ९० मध्ये मात्र काच जास्त-कमी सरकते आणि कडीला उताराचा कॅम देऊन तो फरक मिटवलेला असतो.

रशियन लेन्स इथे वेगळ्या पडतात. ज्युपिटर ८ म्हणजे मुळात झाइस या जर्मन कंपनीचा सोन्नार ५० मिमी एफ २, लुडविग बर्टेलेने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी केलेली रचना. युद्धानंतर ती तंत्रविद्या सोव्हिएत रशियात गेली आणि क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात तीच लेन्स ३९ मिमीच्या आट्यांत बनायला लागली. पण काँटॅक्सच्या जगात पन्नासची खरी फोकल लेंथ धरली जायची ५२.४ मिमी. म्हणजे काच ५२.४ ची, कडी एकासएक, आणि तुमचा लायका समजतोय ५१.६. फरक फक्त ०.८ मिमी, पण तो कुठे दिसतो बघा. एक मीटरवर फोकस करायला ५२.४ च्या काचेला साधारण २.९० मिमी पुढे यावं लागतं, आणि लायकाचा रेंजफाइंडर २.८१ वरच "जुळलं" म्हणून सांगतो. म्हणजे काच ०.०९ मिमी कमी पुढे येते, आणि फोकसचं प्रतल तुमच्या माणसाच्या साधारण ३ सेंटीमीटर मागे पडतं. एफ २ ला एक मीटरवर धारदार दिसणारा पट्टा फिल्मच्या नेहमीच्या हिशोबाने जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर पुढे आणि तेवढाच मागे. डोळे त्या पट्ट्याच्या बाहेर, कानशिलं धारदार. तुमच्या फोटोत कानशिलावरचे केस बघा एकदा मोठे करून, ते बहुतेक सुईसारखे स्पष्ट दिसतील.

लांबचे फोटो चांगले का येतात तेही याच हिशोबात आलं. तीन मीटरवर हीच चूक ९ सेंटीमीटरची होते पण तिथे एफ २ चा पट्टा दोन्हीकडे वीस-एकवीस सेंटीमीटर असतो, चूक पोटात जाते. अनंताला तर फरकच नाही. आणि एफ ४ ला सेन्सरच्या जागी साधारण ०.१२ मिमीची मुभा मिळते, म्हणजे ०.०९ ची चूक त्यात बसते. म्हणून तुमचा अनुभव, की बारीक अॅपर्चरला सगळं ठीक आणि उघड्यावर जवळचं बिघडतं, हा अगदी नमुनेदार आहे.

पण एक गोष्ट, ही पुस्तकातली चूक. प्रत्यक्षात तुमची लेन्स साठ वर्षांत किती जणांनी उघडली असेल कुणास ठाऊक. मी हाताळलेल्या ज्युपिटरमध्ये काही अगदी बरोबर होत्या, काही मागे पडणाऱ्या आणि एक तर चक्क पुढे पडणारी, आत कुणीतरी दुसऱ्याच लेन्सची शिम (पातळ गोल पत्री) घातलेली. म्हणून आधी तपासणी, आणि तीही एका क्रमाने. लोक इथे घाई करतात आणि मग कॅमेऱ्याचा रेंजफाइंडरच पिळायला घेतात, ते कृपा करून करू नका.

क्रम असा. पहिलं, कॅमेरा स्वतः बरोबर आहे का. एखाद्या मित्राची मूळ एम माउंटची लेन्स दहा मिनिटं मागून घ्या, तिने एक मीटर, तीन मीटर आणि अनंत असं बघा. तुमच्याकडे २४० आहे म्हणजे लाइव्ह व्ह्यू आहे, ही फार मोठी सोय, आम्ही फिल्मवाल्यांनी हेच करायला रोल घालवलेत. रेंजफाइंडरने जुळवा, मग लाइव्ह व्ह्यू मोठा करून बघा की तिथेच सगळ्यात धारदार आहे का. दुसरं, अडॅप्टर आणि ज्युपिटर लावून अनंत बघा. खरंच लांबचं काहीतरी हवं, दोन-चार किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर किंवा रात्री चंद्र, समोरची बिल्डिंग म्हणजे अनंत नाही. तिसरं, एक मीटर. त्यासाठी शिंप्याची टेप घ्या, एका पुठ्ठ्यावर ताणून चिकटवा, पुठ्ठा भिंतीला साधारण ४५ अंशात टेकवा, ५० च्या आकड्यावर पेनाने जाड रेघ मारा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अॅपर्चर पूर्ण उघडं, रेघेवर रेंजफाइंडरने फोकस आणि फोटो. दरवेळी फोकस अनंताकडे नेऊन परत आणायचा आणि असे पाच फोटो काढायचे. पाचही फोटोत चूक एकाच बाजूला आणि साधारण सारखी असेल तर ती लेन्सची, इकडेतिकडे होत असेल तर ती हाताची किंवा डोळ्याची किंवा सैल झालेल्या हेलिकॉइडची (फोकसच्या नळीची). पुठ्ठा तिरका आहे हे लक्षात ठेवा, टेपवर चार सेंटीमीटर दिसले तर खोलीत ते साधारण पावणेतीनच असतात.

आता अडॅप्टर. इथे एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला समजायला दोन वर्षं लागली. मी एक स्वस्त अडॅप्टर घेतला होता, कॅननची ५० एफ १.८ त्यावर कायम लावलेली असायची आणि कधी तक्रार नव्हती. मग एक निकॉनची निकॉर ८.५ सेंमी एफ २ हाती आली, जड, पितळ आणि क्रोमची, हातात घेतली की ठेवाविशी वाटत नाही अशी. (हीच ती लेन्स जिने १९५० मध्ये जून मिकी या जपानी फोटोग्राफरने टोकियोत लाइफ मासिकाच्या डेव्हिड डग्लस डंकन या फोटोग्राफरचा सहज फोटो काढला, डंकन तो प्रिंट बघून थक्क झाला, आपल्या लायकांवर निकॉर लावून कोरियाच्या युद्धावर गेला आणि जगाला जपानी काच कळली.) तर ती मी त्याच अडॅप्टरवर लावून आमच्या आजीचा फोटो काढला, तीन मीटरवरून, ती खिडकीत बसून गजरा ओवत होती. हातातल्या कळ्या एकूण एक मोजता येतील अशा आल्या आणि डोळे मऊ. पुढचा रोल, तीच गत. मी लेन्सलाच दोष देत बसलो.

शेवटी भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो, तिथल्या टर्नरने हात पुसले, अडॅप्टर चिंधीने पुसला, मायक्रोमीटर लावून सहा ठिकाणी जाडी घेतली आणि पत्र्याच्या टेबलावर खडूने लिहून दिली. ०.९४, ०.९४, ०.९५, ०.९७, ०.९६, ०.९५. म्हणजे सरासरी पाच शतांश पातळ, आणि वर एका बाजूला उतरता.

मग पन्नासच्या लेन्सने दोन वर्षं तक्रार का केली नाही? कारण अडॅप्टर पातळ असला तर काच आणि कडी दोन्ही एकत्र मागे सरकतात. पन्नासमध्ये दोन्ही एकासएक, म्हणजे काच जितकी चुकली तितकंच रेंजफाइंडरला पण कळतं आणि तो आपोआप बरोबर जुळवतो. चुकते ती फक्त लेन्सवरची अंतराची पट्टी आणि अनंताचा थांबा, जो जरा पलीकडे जातो. पण ८५ मध्ये कडीच्या पाच शतांशाला काचेचे चौदा शतांश लागतात, आणि काच सरकलीय पाचच. तीन मीटरवर माझ्या हिशोबाने फोकस १० सेंटीमीटर पुढे येत होता. आजीचे हात तेवढेच पुढे होते. म्हणून सांगतो, अडॅप्टरची परीक्षा पन्नासच्या लेन्सने होत नाही, ती पास करूनच टाकते. ८५, ९०, १३५ लावल्यावर अडॅप्टर खरा का खोटा ते कळतं. ३५ मध्ये पण चूक होते, उलट्या दिशेने, पण तिथे पट्टाच इतका मोठा की पत्ता लागत नाही.

अडॅप्टर जाड असेल तर लक्षण वेगळं. पाच शतांश जाड असला की पन्नासची लेन्स अनंताला पोचतच नाही, थांब्याला टेकवून पण साधारण ५३ मीटरवरच राहते, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये लांबचा टॉवर दोन दिसतो, जुळतच नाही. हे दिसलं तर अडॅप्टर सरळ बदला, घासत बसू नका, हाताने घासून सपाट राहत नाही. आणि एका बाजूला उतरता असेल तर फोटोची एक बाजू मऊ येते, भिंतीचा फोटो उघड्या अॅपर्चरला काढला की लगेच कळतं.

तर तुम्ही काय करावं: व्हर्निअर कॅलिपरवर विसंबू नका, घरगुती डिजिटल कॅलिपर पण या कामाला कच्चा, कुठल्याही इंडस्ट्रियल एरियात मायक्रोमीटर असलेला माणूस मिळेल, चहा पाजा आणि मोजून घ्या. ०.९९ ते १.०१ आलं आणि सगळीकडे सारखं आलं तर तो स्वस्त अडॅप्टर सोन्यासारखा समजा आणि ठेवा. नाव मोठं म्हणून माप बरोबर असं मी धरत नाही, पण जुने लाइट्झचे आणि कोसिना या जपानी कंपनीने फोक्टलेंडर नावाने काढलेले मी मोजलेत ते सगळे बरोबर निघाले, आणि ८५-९० साठी मी तेच वापरतो.

विकत घेताना अजून एक बघायचं ते फ्रेमलाइन. अडॅप्टर तीन प्रकारचे येतात, २८/९०, ३५/१३५ आणि ५०/७५. बायोनेटच्या एका कानाची लांबी कमी-जास्त असते, ती कॅमेऱ्यातला खटका ढकलते आणि त्याप्रमाणे व्ह्यूफाइंडरमध्ये रेघा येतात. तुम्हाला ज्युपिटर ८ साठी ५०/७५ चा हवा. चुकीचा घेतला तर फोकसला काही होत नाही, फक्त रेघा दुसऱ्या दिसतात. दर लेन्सला एक वेगळा अडॅप्टर घेऊन कायमचा चढवून ठेवा, माझा हाच सल्ला, लेन्स मग एम लेन्ससारखीच लागते आणि आट्यांची झीज पण थांबते. एकच अडॅप्टर सगळ्यांना फिरवत बसलं की कधीतरी तो कॅमेऱ्यातच अडकून राहतो आणि लेन्स फिरून बाहेर येते, रस्त्यात उभं राहून ते सोडवणं फार त्रासाचं. चढवताना आणि काढताना लेन्स बुडाशी धरायची, पुढची अॅपर्चरची रिंग धरून पिळायचं नाही. फार घट्ट बसला असेल तर भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पक्कड कधीच नाही.

लेन्स पूर्ण आवळल्यावर वरची खूण बरोबर माथ्यावर येते का ते पण बघा. पन्नासला खूण जरा एक वाजल्याच्या जागी आली तरी सपाट कडीमुळे फोकसला फरक पडत नाही, पण ज्या लेन्समध्ये उताराचा कॅम फोकसबरोबर गोल फिरतो तिथे सुरुवातीची जागा चुकली की फोकसच चुकतो.

आता तुमच्या ज्युपिटरचं काय करायचं. पहिला उपाय फुकट आहे. एक-सव्वा मीटरवर उघड्या अॅपर्चरला डोळ्यावर फोकस न लावता नाकाच्या शेंड्यावर लावा. चूक तीन सेंटीमीटर मागे, नाक ते डोळा साधारण तेवढंच अंतर, डोळे धारदार येतील. किंवा डोळ्यावर लावून श्वास सोडत अंग अगदी किंचित मागे न्या. हे मी आजही करतो आणि आठवड्याभरात हाताला सवय होते. दुसरा उपाय लाइव्ह व्ह्यू, पण मग रेंजफाइंडर घेतला कशाला असं मला तरी वाटतं.

तिसरा उपाय शिमचा. या लेन्समध्ये काचांचा सगळा गट्टा फोकसच्या नळीत आट्यांनी बसवलेला असतो आणि मधे पातळ गोल पत्री असते, तीच शिम. गट्टा डावीकडे फिरवला की बाहेर येतो, कुठे बारीक लॉकस्क्रू असेल तर आधी तो सैल करायचा. तिथे ०.०५ मिमीची पितळी पत्री वाढवली की चूक अर्धी होते, काच पुढे आली म्हणून जवळचं सुधारतं आणि अनंताऐवजी लेन्स साधारण ५५ मीटरवर थांबते, एफ २ ला पण ते जेमतेम चालून जातं. पूर्ण ०.०९ वाढवली तर जवळचं अगदी बरोबर पण लांबचं उघड्यावर मऊ, थांबा ३० मीटरवर, मग लँडस्केप एफ ४ नेच काढायचे. मी पोर्ट्रेटसाठी ठेवलेल्या लेन्सला पूर्ण दुरुस्ती करतो आणि फिरायला नेतो तिला अर्धी. फोकसची नळी म्हणजे हेलिकॉइड मात्र उघडू नका, त्याला आट्यांच्या अनेक सुरुवाती असतात, कुठून निघाली ते पेन्सिलीने खूण केली नसेल तर परत बसवताना दिवस जातो. आणि तुमच्या बाबतीत एक विचार आधी करा, ही लेन्स काकांच्या झोर्कीवर तुम्ही परत वापरणार आहात का? कारण तिथे जर ती बरोबर जुळलेली असेल तर एमसाठी शिम बदलली की तिकडचं बिघडलं. मी तुमच्या जागी असतो तर या लेन्सला हात लावला नसता, नाकाचा उपाय वापरला असता.

सोन्नारचा अजून एक स्वभाव म्हणजे अॅपर्चर बारीक केलं की फोकस स्वतःच थोडा मागे सरकतो. ज्युपिटर ८ मध्ये ते फार जाणवत नाही, पण एफ १.५ वाली ज्युपिटर ३ घेतलीत तर टेपची परीक्षा एफ १.५, २.८ आणि ४ अशी तिन्हीला करा.

ज्युपिटर १२ बद्दल. लेन्स अप्रतिम आहे, झाइसच्या बायोगॉनची वंशज, सरळ रेघा सरळ राहतात, आणि मला तिचा काळापांढरा फार आवडतो. पण मागची काच टपोऱ्या डोळ्यासारखी कॅमेऱ्यात आत शिरते. लायका एम ५ आणि जुना फिल्मवाला सीएल यांच्यात मीटरचा दांडा शटरसमोर येतो, तिथे ती लावायचीच नाही, दांडा मोडतो. त्याच दोघांवर घडीच्या लेन्स, म्हणजे जुनी एलमार वगैरे, आत दाबायच्या नाहीत. डिजिटल एमवर मागची काच किती आत जाते ते आधी मोजून मगच, आणि हळू, काही टेकतंय असं वाटलं की थांबा. बसली तरी मीटर चुकू शकतो आणि कडांना जांभळट रंग येतो, कारण प्रकाश सेन्सरवर फार तिरका पडतो. मी ती एम २ वर फिल्मनेच वापरतो. डिजिटलवर ३५ हवी असेल तर कॅननच्या जुन्या ३५ मिमी किंवा कोसिनाची आट्यांची कलर स्कोपार ३५ एफ २.५ बघा, डोकेदुखी नाही.

खरेदीत सगळ्यात मोठा सापळा वेगळाच आहे. ३९ मिमीचे आटे दिसले म्हणजे रेंजफाइंडरची लेन्स असं नाही. सुरुवातीच्या झेनिट या सोव्हिएत एसएलआरला (आरशावाल्या कॅमेऱ्याला) पण ३९ चे आटे होते, पण तिथलं अंतर ४५.२ मिमी. हेलिओस ४४, इंडस्टार ५०, ज्युपिटर ९ या सगळ्यांच्या झेनिट आवृत्त्या बाजारात फिरतात, अडॅप्टरवर छान चढतात आणि फोटो पूर्ण धूसर. एन्लार्जरच्या लेन्सला पण बहुधा हेच आटे. ओळखायचं सोपं, लेन्स उलटी धरा, फोकस फिरवा, आतली कडी किंवा जीभ पुढेमागे सरकली पाहिजे. विकणाऱ्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा, नाही दिला तर सोडून द्या.

काच बघताना मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि तिरकं बघा. ओरखडे थोडेफार चालतात, जुन्या लाइट्झच्या समार, समिटार, समारिट यांची पुढची काच किंवा कोटिंग मऊच, सत्तर वर्षांच्या रुमालांनी घासलेली, उजेड तोंडावर नसेल तर चांगले फोटो देतात. पण दुधाळ पडदा असेल तर सावध. कॅननच्या ५० एफ १.८ आणि ५० एफ १.२ मध्ये अॅपर्चरच्या मागच्या काचेवर हा पडदा फार येतो, वेळेत पुसला तर जातो, उशीर झाला तर काचच खाल्लेली असते आणि मग कुणी काही करू शकत नाही. बुरशी म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आपल्याकडे मुंबई-कोकणात एक पावसाळा कपाटात काढला की पुरे. चामड्याच्या मूळ केसमध्ये लेन्स ठेवू नका, कितीही देखणी असली तरी चामडं ओल धरतं. ड्राय कॅबिनेट घ्या, नाहीतर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि स्वस्त हायग्रोमीटर, ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, त्याखाली पण नको, ग्रीस सुकतं.

आणि काकांची झोर्की विकू नका. तिच्यावर ५० साठी वेगळा फाइंडर लागत नाही, डायऑप्टर (चष्म्याच्या नंबरासारखी सोय) आहे, रोल घाला आणि त्याच ज्युपिटरने तीच टेपची परीक्षा तिथे करून बघा, शिमचा निर्णय त्यावर सोपा होईल. फक्त एक जपा, झोर्कीत शटर स्पीड बदलायचा तो आधी फिल्म वाइंड करून मगच, न वाइंड करता फिरवला तर आतली यंत्रणा बिघडते.